दार कंच्या कोपऱ्यान

महापेच्या प्रयोगशाळेत रात्री पावणेदोनला
एसीशिवाय कुणी बोलत नाही.
द्रव नायट्रोजन ओतते, धूर टेबलावरून खाली सांडतो,
आणि बर्फाच्या पापुद्र्यात
ऐरोलीच्या मलशुद्धीकरण केंद्रातून बाटलीत आणलेला,
आम्ही वाढवलेला, जीवाणूंवर जगणारा विषाणू
थिजलेला असतो, हजारोंनी,
जिथे होता तिथेच.

काही पुरे. काही अर्धवट.

अर्धवट ते गोल. भिंत जाड,
शिकाऊ हातानं केलेल्या मोदकाच्या पारीसारखी,
आणि थोडी पिळवटलेली.
आत प्रथिनांची परांची.
तिच्या आधारानं पाच-पाच, सहा-सहा तुकडे
कडेला कड लावत जातात. मुकादम नाही, हाका नाहीत.
नुसतं एकमेकांवर आदळणं,
चुकलेलं सुटून येणं,
जमलेलं चिकटून राहणं.
मार्चमध्ये मी मुद्दाम परांचीशिवाय करून पाहिलं :
कवच स्वतःभोवतीच गुंडाळत गेलं
खाडीतल्या शंखासारखं,
तोंड मिटलंच नाही.

परांची हा शब्द माझ्या शोधनिबंधात नाही.
तो आबांचा.
घणसोलीची मिठागरं गेली तेव्हा हिराजी मढवी
बांबू बांधायला शिकले.
वाशी, नेरूळ, मग खारघरचे उंच उंच सेक्टर.
काथ्याचा एक वेढा उलटा, दोन सुलटे.
इमारतीला रंग चढला की बांबू उतरवायचे,
टेम्पोत घालायचे, पुढच्या प्लॉटवर.
कुठल्या इमारती, ते त्यांना सांगता येत नाही.
कुठे किती बांबू कमी भरले, ते सांगता येतं.

मग कवचात दोरा भरू लागतो.
एक इवलं यंत्र त्याला आत रेटतं, रेटतच राहतं,
आणि परांची भोकाभोकांतून निसटते,
अख्खी,
पुढच्या कवचाला लागायला.
हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उठून पाणी प्यायले होते.

आणि तेव्हाच गोल मोडतो.
कड येते, कोन येतात,
पिळलेले षट्कोन सरळ होतात,
भिंत पातळ, आतली जागा जवळजवळ दुप्पट.
याला वाढणं म्हणवत नाही मला,
एकही वीट नवी नाही.
त्याच विटा, वेगळ्या टेकलेल्या,
आणि आता मागे फिरता येणार नाही अशा.

एका रविवारी आबा डबा घेऊन आले.
जवळ्याची चटणी, तांदळाची भाकरी. चपला बाहेर काढल्या,
सांगितलं नव्हतं तरी.
पडद्यावर निळं कवच फिरत होतं.
बराच वेळ बघून म्हणाले,
"कोपरे किती गो?"
बारा.
"नि दार कंच्या कोपऱ्यान हाय?"

दार नव्हतं.
आठ हजार कवचं एकावर एक ठेवून
संगणक सरासरी काढतो,
आणि बाराही कोपरे सारखेच धर
असं मीच त्याला सांगितलं होतं.
चित्र स्वच्छ यावं म्हणून.
बारा जागी वाटलं गेलेलं दार
कुठेच दिसत नाही.

त्यांना काय उत्तर दिलं आठवत नाही.
भाकरी गार झाली होती.

सोमवारी ती अट काढली.
संगणक चार दिवस घरघरत राहिला, डॉ. पोंक्षे
वीजबिलावरून दोनदा डोकावून गेले.
शुक्रवारी पहाटे चित्र आलं, जरा धुरकट,
पूर्वीच्यापेक्षा वाईटच म्हणा :
अकरा कोपरे पाचा-पाचांचे,
आणि बाराव्यात
बारा पाकळ्यांचं कडं,
कड्यात अडकलेलं दोऱ्याचं टोक.

फोन लावला. ते तुर्भ्याला होते,
लोखंडी पाइप परवडत नाही अशा कुणाच्या तरी रंगकामावर.
आबा, दार सापडलं.
"मंग? दार नसंल त सामान जाल कसा?"
आणि लगेच कुणावर तरी ओरडले,
मला वाटलं माझ्यावरच,
पण मागे बांबू मोजत होते,
एकशे नऊ, एकशे दहा,
आणि कुणीतरी एक आकडा गाळला होता.